मद्यमुक्तीच्या सभेचा रस्ता

प्रतिनिधी

आषाढ संपत आला की गटारीचे बेत ठरतात आणि अमावास्या उलटली की अनेक घरांत श्रावण पाळला जातो. महिनाभर बाटलीला हात न लावणारा गृहस्थ घरात ठासून सांगतो, 'पाहा, मनात आणले तर मी केव्हाही सोडू शकतो.' घरातील माणसेही तेवढा महिना निर्धास्त झोपतात. पुढे भाद्रपद उजाडतो, गणपतींचे विसर्जन होते आणि त्या रात्री दाराची कडी पुन्हा पूर्वीसारखीच उशिरा वाजते.

महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचा हा अनुभव आहे. देवासमोर घेतलेली शपथ, गळ्यात घातलेली माळ, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द, गाव बदलणे, नोकरी बदलणे हे सारे उपाय करून झालेले असतात. शपथ घेताना तो माणूस बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. तरीही ती मोडते. कारण दारू सोडणे ही एक गोष्ट आहे आणि दारूवाचून दिवसामागून दिवस जगणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. पहिली गोष्ट रुग्णालयात चार-आठ दिवसांत साधू शकते. दुसरीसाठी दीर्घकाळ सोबत लागते. अशी सोबत देणारे स्वमदत गट राज्यातील अनेक शहरांत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भरत असतात. त्यांचा पत्ता कसा शोधावा, तेथे नेमके काय घडते आणि जाण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, याची ही माहिती.

गरज मोठी, मदत तोकडी

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून (एम्स) देशव्यापी पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे घातक पातळीवर किंवा पूर्ण अवलंबित्वापर्यंत पोहोचलेले असून त्यांना मदतीची गरज आहे. मात्र मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे याच पाहणीत आढळले.

उरलेले ३७ जण मदतीपर्यंत का पोहोचत नाहीत, याला पैसा आणि अंतर ही कारणे आहेतच. पण 'लोक काय म्हणतील' हे कारणही तितकेच मोठे आहे. स्वमदत गटात शुल्क नसते, रुग्णनोंदणी नसते आणि आडनाव कोणी विचारत नाही. त्यामुळे या दोन्ही अडचणींवर तो एकाच वेळी उत्तर ठरू शकतो.

खोड नव्हे, आजार

या गटांत 'मद्यपाश' हा शब्द वारंवार कानी पडतो. पाशात अडकलेल्या माणसाला पहिल्या घोटानंतर थांबणे जमत नाही आणि प्यायला नसतानाही मन दारूभोवतीच फिरत राहते, असा त्याचा आशय. वैद्यकशास्त्रही याला आजारच मानते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे.

आपले किंवा आपल्या माणसाचे पिणे या टप्प्यावर आले आहे काय, हे प्राथमिक स्वरूपात पाहण्यासाठी डॉक्टर जगभर चार साधे प्रश्न वापरतात. पिणे कमी करावे असे कधी वाटले काय? पिण्यावरून कोणी बोलले तर राग येतो काय? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटते काय? सकाळी उठल्याबरोबर हातपाय स्थिर होण्यासाठी किंवा उतारा म्हणून घ्यावी लागते काय? यांतील दोन किंवा अधिक प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेणे श्रेयस्कर. हे निदान नव्हे; पण दार ठोठावण्यास पुरेसे कारण आहे.

वर सांगितलेला श्रावण येथे फसवा ठरतो. महिनाभर थांबता येणे हा पिण्यावर ताबा असल्याचा पुरावा मानला जातो. परंतु थांबलेला माणूस तिसाव्या दिवसाची वाट कशी पाहतो, हेच अधिक बोलके असते.

आधी डॉक्टर, मग सभा

रोज आणि भरपूर पिणाऱ्या व्यक्तीने सभेच्या उत्साहात किंवा घरच्यांच्या दबावाखाली दारू एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, अस्वस्थता व निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना भ्रम होतो; नसलेली माणसे व प्राणी दिसू लागतात, ताप चढतो, भान हरपते. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. 'भुताटकी' किंवा 'नाटक' समजून अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

पूर्वी असे झटके किंवा भ्रम झालेले असतील, यकृताचा वा हृदयाचा आजार असेल, सकाळीच हात थरथरत असतील, तर पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागात ही सोय असते. योग्य औषधे आणि ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांमुळे हा काळ बराच सुसह्य होतो.

दुसरी सूचना घरच्यांसाठी. 'भाजीत मिसळून द्या, दारू सुटेल' अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर सर्रास दिसतात. दारूची तीव्र प्रतिक्रिया घडवणारे डायसल्फिरमसारखे औषध रुग्णाच्या नकळत दिले आणि त्यावर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकते. हे औषध रुग्णाची संमती घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. दारूची ओढ कमी करणारी अन्य औषधेही आज उपलब्ध आहेत आणि तीही चिठ्ठीवरच घ्यावीत.

एका दूरध्वनीपासून सुरुवात

या गटांपैकी सर्वांत जुना व सर्वदूर पसरलेला गट म्हणजे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', अर्थात 'एए'. 'अनामिक मद्यपी' असा त्याच्या नावाचा अर्थ. त्याचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन या गावी झाला. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यू यॉर्कचा शेअर दलाल कामानिमित्त तेथे आला होता. काम फिसकटले. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला बिल हॉटेलच्या दालनात एकटा उभा होता आणि समोर बारमधील गजबज ऐकू येत होती. आपण आता पिणार, हे त्याच्या लक्षात आले. बारकडे न वळता त्याने चर्चच्या यादीतील क्रमांकांवर दूरध्वनी सुरू केले. आपल्यासारखाच एखादा मद्यपी त्याला बोलायला हवा होता.

त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टरही दारूने पुरते पोखरलेले होते. ते पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटीला आले आणि सहा तासांनी उठले. बिलने त्यांना उपदेश केला नाही. स्वतःची हकिकत सांगितली. पुढे डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो दिवस १० जून १९३५. एए हाच दिवस आपला स्थापनादिन मानते. १९३९ मध्ये संघटनेच्या नावाचेच पुस्तक निघाले आणि त्यात 'बारा पायऱ्यां'चा कार्यक्रम मांडला गेला. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये दिल्लीतून सुरू झाली. आज सुमारे १८० देशांत तिचे गट आहेत.

त्या भेटीत जे घडले तेच आजही प्रत्येक सभेत घडते. एक मद्यपी दुसऱ्याला आपली गोष्ट सांगतो, आणि सांगणाराही त्यामुळे त्या दिवसापुरता दारूपासून दूर राहतो. नवा माणूस सभेत आला की जुन्या सदस्यांना आनंद का होतो, याचे उत्तर यात आहे. येणाऱ्याला त्यांची गरज असते, तितकीच त्यांनाही येणाऱ्याची असते.

पत्ता कसा शोधावा?

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत तसेच गोव्यात एएचे गट आहेत. महापालिकेच्या शाळेतील वर्ग, चर्चचे सभागृह, एखाद्या संस्थेची खोली अशा साध्या जागी ते भरतात. बाहेर मोठा फलक नसतो. त्यामुळे शोध पुढील मार्गांनी घ्यावा.

पहिला मार्ग एएच्या भारतातील अधिकृत संकेतस्थळाचा. तेथे शहरवार सभांची माहिती व मदतवाहिनीचा क्रमांक मिळतो. दूरध्वनी उचलणारी व्यक्ती पगारी कर्मचारी नसून बहुधा स्वतः दारूतून बाहेर आलेला सदस्य असतो. दुसरा मार्ग शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातील समाजसेवकांचा अथवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा. परिसरातील सभांचे वार व वेळ त्यांना ठाऊक असतात. तिसरा मार्ग शासनाच्या दूरध्वनी सेवांचा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मन खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

गावात गट नसेल तर ऑनलाइन सभांचा पर्याय आहे. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष सभा बंद पडल्या तेव्हा अनेक गट मोबाइलवर भरू लागले आणि ती सोय पुढेही राहिली. आखातात, युरोपात किंवा अमेरिकेत असलेल्या मराठी माणसाला आपल्या भाषेत बोलण्यासाठी ती उपयोगी पडू शकते. तरीही प्रत्यक्ष सभा शक्य असेल तेथे ती टाळू नये.

दूरध्वनी केल्यावर पाच गोष्टी विचारून टिपून घ्याव्यात : सभेचा वार व वेळ, जागेची नेमकी खूण, सभेची भाषा, सभा 'खुली' की 'बंद', आणि दारात कोणाला भेटायचे. बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. खुल्या सभेला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर, कोणीही बसू शकतो. एकट्याने जायचा धीर होत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. दारात कोणीतरी थांबेल किंवा बरोबर यायला तयार होईल. बिछान्याला खिळलेल्या किंवा बाहेर पडू न शकणाऱ्या व्यक्तीला भेटायला सदस्य घरीही जातात, बहुधा दोघे मिळून. मात्र त्यासाठी त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा असावी लागते. 'त्याला न सांगता या' ही घरच्यांची विनंती ते सहसा मान्य करत नाहीत.

पहिल्या दिवशी काय घडते?

सभा साधारण तास ते दीड तासाची असते. दहा-वीस खुर्च्या किंवा शाळेची बाके, भिंतीवर टांगलेल्या दोन पाट्या, मेजावर काही पुस्तिका एवढाच सरंजाम. एका पाटीवर बारा पायऱ्या असतात, दुसरीवर गटाच्या बारा परंपरा. सुरुवातीला क्षणभर शांतता पाळून छोटी प्रार्थना होते. त्या दिवसाचा सूत्रधार संघटनेची ओळख वाचतो आणि नव्या व्यक्तीचे स्वागत करतो. हा सूत्रधार सदस्यांपैकीच एक असतो आणि तो आलटून पालटून बदलतो.

मग एकेक सदस्य बोलू लागतो. स्वतःचे पहिले नाव आणि 'मी मद्यपी आहे' एवढी ओळख देऊन तो तीन गोष्टी सांगतो : आपण कसे पीत होतो, काय घडले, आणि आज कसे आहोत. पगाराच्या दिवशी घरी न पोहोचलेले पाकीट, बहिणीच्या लग्नात झालेला तमाशा, मोडलेली नोकरी, दवाखान्यातील खाट असे प्रसंग येतात आणि मधूनच हशाही पिकतो. ते हसणे बाहेरच्या माणसाला प्रथम खटकते. थोड्याच वेळात उमगते, की येथे कोणी कोणाला हसत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या कालच्या रूपाला हसतो. बोलणाऱ्याला मध्येच कोणी अडवत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी घेत नाही.

नवागताने बोललेच पाहिजे असे बंधन नाही. 'आज मी फक्त ऐकणार' एवढे म्हटले तरी चालते. थोडी घेतलेली असली तरी शांत बसून ऐकण्यास बहुतेक गट मज्जाव करत नाहीत. त्या दिवशी बोलू नये एवढीच अपेक्षा असते. दारूपासून दूर राहून एक महिना, तीन महिने, वर्ष पूर्ण झालेल्यांचा टाळ्यांच्या गजरात सत्कार होतो. वर्षपूर्तीला 'बर्थडे' म्हणण्याची प्रथा आहे आणि त्या दिवशी पत्नी किंवा मुले चार शब्द बोलतात तेव्हा खोलीत सहसा कोणाचे डोळे कोरडे राहत नाहीत. शेवटी चहा होतो. अनेकदा खरी ओळख तेथेच होते. जुने सदस्य दूरध्वनी क्रमांक देतात आणि एकच विनंती करतात : पहिला पेला उचलण्यापूर्वी फोन करा, नंतर नव्हे.

बारा पायऱ्या आणि 'स्पॉन्सर'

बारा पायऱ्यांचा सारांश असा. दारूपुढे आपले काही चालत नाही व आयुष्य हाताबाहेर गेले आहे, याची कबुली ही पहिली पायरी. पुढील दोन पायऱ्यांत स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीवर विश्वास टाकण्याचा भाग येतो. त्यानंतर स्वतःच्या स्वभावाचा निर्भीड जमाखर्च मांडणे, तो दुसऱ्या एका माणसापुढे उघड करणे, आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करून शक्य तेथे भरपाई करणे, असा क्रम आहे. भरपाईने समोरच्याला आणखी इजा होणार असेल तर ती टाळावी, असेही त्यात बजावलेले आहे. बारावी पायरी इतर मद्यपींपर्यंत हा मार्ग पोहोचवण्याची.

या वाटेवर हात धरणाऱ्या अनुभवी सदस्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. तो सावकार नव्हे की गुरूही नव्हे. तो आपल्यापेक्षा काही वर्षे आधी याच रस्त्याने गेलेला असतो, एवढेच. पुरुषांना पुरुष आणि स्त्रियांना स्त्री स्पॉन्सर असावी, असा संकेत आहे. सुरुवातीच्या काळात ९० दिवसांत ९० सभा कराव्यात, असे जुने सदस्य सुचवतात. आयुष्यभराची शपथ येथे घ्यायला लावत नाहीत. 'फक्त आजचा दिवस' एवढाच निश्चय केला जातो. श्रावणाच्या हिशेबाला शेवटचा दिवस ठरलेला असतो. या हिशेबाला तो नसतो.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत दारूची ओढ अधिक जाणवते, असा सदस्यांचा अनुभव आहे. त्यात आपल्याकडील खास दिवसांची भर घालावी लागेल : पगाराचा दिवस, गटारी, धुळवड, लग्नाची वरात, ३१ डिसेंबर. अशा संध्याकाळी सभा गाठणे किंवा फोन लावणे हा सर्वांत सोपा उपाय.

नेहमीच्या शंका

*खर्च किती येतो?* प्रवेश फी वा वर्गणी नाही. सभेत पेटी किंवा थाळी फिरते. सदस्य ऐच्छिक रक्कम टाकतात. बाहेरच्यांच्या देणग्या संघटना घेत नाही. नवागताने काही टाकले नाही तरी चालते.

*नाव बाहेर फुटेल काय?* सभेत कोण दिसले आणि काय ऐकले, हे बाहेर न नेणे हा या गटांचा कणाच आहे. सदस्य वृत्तपत्रे वा दूरचित्रवाणीवरही आपली ओळख उघड करत नाहीत. प्रस्तुत लेखात कोणाचा अनुभव नावानिशी दिलेला नाही, तो याच कारणाने. शेजारच्या गल्लीतील कोणी ओळखेल अशी धास्ती असेल तर प्रथम दुसऱ्या उपनगरातील सभेला जावे. तेथे ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल, हे ध्यानात ठेवावे.

*हा धर्माचा प्रकार आहे काय?* पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे. पण ज्याला तो जसा उमजला तसा, अशी मुभाही तेथेच आहे. अनेक निरीश्वरवादी सदस्य गटालाच 'मोठी शक्ती' मानतात. संघटना कोणत्याही धर्म, पक्ष वा संस्थेशी बांधलेली नाही. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

*डॉक्टरांची औषधे बंद करावी लागतात काय?* नाही. सभेतील कोणी तसा सल्ला दिला तर तो मानू नये. औषधांचा निर्णय डॉक्टरांचाच.

*याचा खरोखर उपयोग होतो काय?* आरोग्यविषयक संशोधनाचा आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांतील १० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली. एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार संपूर्ण मद्यमुक्ती टिकवण्यात इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरस असल्याचा निष्कर्ष निघाला. अर्थात, हा मार्ग प्रत्येकाला मानवेल असे नाही. ज्यांना तो रुचत नाही त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशक यांची मदत घ्यावी. दोन्ही मार्ग एकत्रही चालू शकतात.

*स्त्रियांनी जावे काय?* अवश्य. पिणाऱ्या स्त्रीकडे समाज दुप्पट कठोरपणे पाहतो, त्यामुळे ती अधिक उशिरा मदत मागते. सभेत अन्य स्त्रिया असतात काय, स्त्रियांची स्वतंत्र सभा आहे काय, हे फोनवरच विचारून घ्यावे.

घरच्यांसाठी स्वतंत्र सभा

एक माणूस पितो आणि सारे घर आजारी पडते. पत्नी बाटल्या शोधते, साहेबांना फोन करून 'ताप आहे' असे सांगते, उधारी फेडते. मुले मित्रांना घरी आणणे सोडून देतात. अशा नातलगांसाठी 'अल-ॲनॉन' हा वेगळा स्वमदत गट १९५१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाला. बिल विल्सनची पत्नी लोइस ही त्याची एक संस्थापक. किशोरवयीन मुलांसाठीची 'अलाटीन' ही शाखा १९५७ पासूनची.

या सभांतील शिकवण थोडक्यात अशी : हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, तुम्ही तो ताब्यात ठेवू शकत नाही आणि बराही करू शकत नाही, मात्र स्वतःला सावरू शकता. खोटी सबब सांगणे, कर्ज फेडत राहणे म्हणजे नकळत दारूलाच हातभार लावणे होय. त्याच वेळी, 'आजार आहे' म्हणून मारहाण सोसावी असा याचा अर्थ मुळीच नाही. हिंसा होत असेल तर प्रथम मुलांसह सुरक्षित ठिकाणी जावे आणि ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर मदत मागावी. पिणारा उपचारास तयार नसला तरी घरच्यांनी आपल्या सभेला जाणे सुरू करावे. त्यासाठी त्याच्या होकाराची गरज नाही.

महाराष्ट्रातील दोन वाटा

एए ही उपचारसंस्था नव्हे. तिच्याकडे खाटा नाहीत, डॉक्टर नाहीत. निवासी उपचार लागतात त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. पुण्याच्या 'मुक्तांगण'ची स्थापना २९ ऑगस्ट १९८६ रोजी झाली. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी देऊ केली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र उभे केले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. अवचट २०२२ मध्ये गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी हे काम पुढे नेले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आणि उपचारांनंतरचा पाठपुरावा ही मुक्तांगणची वैशिष्ट्ये. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन'ची सुरुवात केली. बी. के. एस. अय्यंगार यांच्या या शिष्याने बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली.

कोणतेही केंद्र निवडताना नोंदणी, पूर्णवेळ डॉक्टर, भेटीच्या वेळा आणि खर्चाची लेखी पावती यांची चौकशी करावी. साखळदंड, मारहाण किंवा नातेवाइकांना महिनोन्‌महिने भेटू न देणे याला उपचार म्हणत नाहीत. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : 'घरी पाठवल्यानंतर पुढे काय?' ज्या केंद्राकडे याचे उत्तर नाही, त्याचे काम अर्धेच राहते. निवासी उपचार संपवून घरी परतलेल्या माणसाने त्याच आठवड्यात सभा गाठावी.

पाय घसरला तर

सहा महिने, वर्षभर दूर राहिलेला माणूस एखाद्या संध्याकाळी पुन्हा पितो. सदस्य याला 'स्लिप' म्हणतात. घरात त्या रात्री सारे संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात संपलेले काहीच नसते. दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. गाठीशी आलेला अनुभव मात्र शून्य होत नाही. खरा धोका पिण्यात जितका असतो, तितकाच त्यानंतर लाजेने सभा सोडण्यात असतो. दुसऱ्याच दिवशी त्याच खोलीत परतणाऱ्याला तेथे कोणी जाब विचारत नाही. बऱ्याच जणांनी ती वाट स्वतः एकदा तरी तुडवलेली असते. मात्र पुन्हा सलग काही दिवस पिणे झाले असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे आधी डॉक्टरांना गाठावे.

थोडक्यात

• रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक, वैद्यकीय सल्ल्यावाचून बंद करू नये. झटके किंवा भ्रम झाल्यास १०८.

• व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शन : १४४४६. मानसिक आधार : १४४१६.

• सभेचा वार, वेळ, जागा, भाषा, खुली की बंद, हे आधी विचारावे.

• एका सभेवरून मत बनवू नये. निदान सहा सभा कराव्यात. एक गट रुचला नाही तर दुसरा पाहावा.

• पहिल्याच दिवशी दोन जणांचे दूरध्वनी क्रमांक घ्यावेत.

• घरच्यांनी आपली सभा वेगळी शोधावी आणि पिणाऱ्याच्या निर्णयाची वाट पाहत बसू नये.

पहिल्या सभेला आलेले अनेक जण आत शिरण्यापूर्वी शाळेच्या फाटकाबाहेर दोन-तीन फेऱ्या मारतात, असे जुने सदस्य सांगतात. कोणी समोरच्या टपरीवर चहा घेत वेळ काढतो, कोणी पत्ता चुकल्याचे निमित्त करून परतही फिरतो. घरापासून फाटकापर्यंतचा प्रवास रिक्षाने होतो. फाटकापासून वर्गापर्यंतची पन्नास पावले मात्र स्वतःलाच टाकावी लागतात. आत बसलेल्या प्रत्येकाने ती कधीतरी टाकलेली आहेत. म्हणूनच दार ढकलून कोणी नवखा आत डोकावला की ते त्याला कारण विचारत नाहीत. बाकावर सरकून जागा करून देतात.